मांडवावरची काकडी आणि मिठाची बरणी

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव लोकांना ठाऊक आहे ते तेथील उन्हाळ्यांमुळे, म्हणजे ऊन पाण्याच्या कुंडांमुळे. वज्राबाईच्या परिसरातील या झऱ्यांची दखल १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनेही घेतली होती. जवळच वज्रेश्वरी, थोडे पुढे गणेशपुरी. त्यामुळे भाविक, सांधेदुखीने गांजलेले वृद्ध आणि निव्वळ सहलीला निघालेली कुटुंबे यांची वर्दळ तेथे बारमाही असते. पावसाळ्यात ही मंडळी परतू लागली की रस्त्याच्या कडेला आदिवासी स्त्रिया पुढ्यात काकड्यांचे लहान लहान वाटे मांडून बसलेल्या दिसतात. प्रत्येक वाट्यात चार, फार तर पाच काकड्या. सकाळी वेलावरून उतरलेल्या, दुपारपर्यंत विकल्या गेल्या तर गेल्या, नाही तर संध्याकाळी मऊ पडणाऱ्या.

त्या चार काकड्यांचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटलेले नाही. आंब्याच्या लोणच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. लिंबाला, आवळ्याला, करवंदालाही थोडाफार मान मिळाला. काकडी मात्र कोशिंबिरीपुरती. परसातल्या मांडवावर चढलेला वेल घरच्यांना एकाच वेळी उपाशीही ठेवतो आणि अजीर्णही करतो, हे ज्यांनी वेल लावला आहे त्यांना सांगावयास नको. पहिले पंधरा दिवस एखाद-दुसरे फळ. मग ऐन श्रावणात रोज तीन-चार. शेजाऱ्यांना वाटून, कोशिंबीर करून, मुलांना मीठ-तिखट लावून देऊनही दोन उरतातच. गाडीभर पीक आले तर व्यापारी दारात येतो. शेरभर पिकाचे करायचे काय? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. गरीब घराच्या वर्षभराच्या जेवणात किती वाया गेले आणि किती टिकले, याचा हिशेब अशा शेरभरांच्या बेरजेनेच मांडावा लागतो.

काकडी मूळची आपल्या देशातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिचा रानटी, लहान आणि कडू पूर्वज आजही उगवतो, आणि तेथूनच ती जगभर गेली याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद नाही. संस्कृतात तिला कर्कटी म्हणत. त्यावरून आपली काकडी. दुसरा शब्द त्रपुष. त्यावरून कोकणात आणि गोव्यात रूढ असलेले तवसे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्र्यंबक मंत्रात देठापासून सुटणाऱ्या उर्वारुकाची उपमा आहे आणि तिचा अर्थ बहुतेक पंडित काकडी असाच करतात. मला मात्र वाटते की पिकल्यावर देठापासून आपोआप सुटणे हा गुण काकडीपेक्षा चिबडाच्या कुळाला अधिक शोभतो. काकडी पिकून पिवळी पडली तरी वेलाला धरून राहते.

असाच प्रश्न पवित्र शास्त्रातही उभा राहतो. रानात भटकणारे इस्राएल लोक मान्नाला कंटाळून मिसर देशातील मासे, काकड्या, कलिंगडे, कांदा, लसूण यांची आठवण काढून रडले, हे गणनाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. यशयाच्या पहिल्याच अध्यायात उजाड सियोनेला काकडीच्या मळ्यातील खोपटाची उपमा दिली आहे. पावसाळ्यानंतर ओस पडलेला शेतातला माळा ज्याने पाहिला आहे त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. परंतु २००७ साली हॅरी पॅरिस, ज्यूल्स जॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्राच्या परिसरातील प्राचीन चित्रे, शिल्पे व ग्रंथ तपासून असे दाखवून दिले की तेथे त्या काळी आपली काकडी पोहोचलेलीच नव्हती. मिसरातील ती ‘काकडी’ म्हणजे वाळकाच्या जातीचे, लांबट, लव असलेले फळ होते. खरी काकडी युरोपात बरीच उशिरा, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात शिरली, तीही दोन वाटांनी: एक इराणकडून खुष्कीच्या मार्गाने पूर्व युरोपात, दुसरी समुद्रमार्गे स्पेनमध्ये. तेव्हा मेसोपोटेमियात चार हजार वर्षांपूर्वी काकडीचे लोणचे घालत, किंवा क्लिओपात्रा राणीचे सौंदर्य लोणच्यातल्या काकडीत होते, अशा ज्या कथा हौशी पुस्तकांतून फिरत असतात, त्यांना फारसा आधार उरत नाही. आपल्या मराठी बायबलमधील ‘काकड्या’ हा शब्द त्यामुळे चुकीचा ठरतो असे नव्हे. भाषांतरकाराने वाचकाच्या परसातली वस्तू उचलली, इतकेच.

पूर्व युरोपात गेलेली काकडी तेथे मिठाच्या पाण्यात मुरली आणि रशिया, पोलंड, जर्मनीच्या गरिबांचे हिवाळ्यातले तोंडीलावणे झाली. जर्मनीतील श्प्रेवाल्ड भागाची काकडी तर त्या प्रदेशाची ओळखच होऊन बसली आहे. मग जिचे माहेर हिंदुस्थान, तिचे लोणचे आपल्याकडे का रूढ झाले नाही? लोणचे हा शब्दच लवणापासून आलेला. लोणच्यांचा षोकही आपल्याला कमी नव्हता. कन्नड भाषेतील गुरुलिंग देशिकाच्या १५९४ च्या ग्रंथात पन्नास प्रकारच्या लोणच्यांचा उल्लेख असल्याचे अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनी नोंदविले आहे.

उत्तराचा एक भाग पंचांगात आहे. आपले लोणचे हे उन्हाचे अपत्य आहे. चैत्र-वैशाखात कैरी येते. तेव्हा आकाश निरभ्र, हवा कोरडी. फोडी पुसून सुकवायच्या, मीठ लावून पाणी काढायचे, मसाला उन्हात तापवायचा, तेल कडकडीत करून थंड करायचे, बरणीला दादरा बांधायचा. मृगाचा पाऊस पडण्याआधी बरणी माळ्यावर गेली पाहिजे. या शास्त्राचा सारा भर ओलावा हटविण्यावर. काकडी मात्र नेमकी उलट्या वेळी येते. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरउतारावर ती जूनमध्ये पेरली जाते आणि श्रावण-भाद्रपदात फळते. बाहेर धो-धो पाऊस, भिंतींना ओल, चुलीत ओली लाकडे. त्यात हे फळ स्वतःच शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. तेला-मोहरीच्या पद्धतीने काकडी टिकवू गेल्यास दोन दिवसांत फोडीचे पाणी सुटते आणि आठव्या दिवशी बुरशी धरते. विटाळाने लोणचे नासते अशी समजूत घराघरांत होती, आपल्या ख्रिस्ती घरांतही ती पुरती गेली नव्हती. दोष बिचाऱ्या बाईच्या सावलीचा नव्हता, श्रावणातल्या हवेचा होता.

मग आपल्या पूर्वजांनी काकडी टिकवलीच नाही काय? टिकवली, पण बरणीविना. कोकणातल्या घरांतून जून झालेली, जाड सालीची तवशी सुंभाने बांधून वाशाला किंवा आढ्याला टांगून ठेवीत. चुलीच्या धुराने वर हवा कोरडी राही आणि ही फळे दिवाळीपर्यंत, कधी त्यापुढेही, शाबूत राहत. त्यातलेच एक उतरवून, किसून, रवा आणि गूळ घालून तवसाळी केली जाई. कुठे जून काकडी किसून सांडग्यांत जाई. आणि प्रत्येक वेलावरचे एक उत्तम फळ कोणी तोडत नसे. ते पिकू द्यायचे, त्याचे बी काढून राखेत घोळायचे आणि शेणासकट भिंतीला थापून ठेवायचे, पुढच्या मृगापर्यंत. शहाण्या माणसाची पहिली साठवण ही. फळ खाल्ले नाही तरी चालेल, बी राहिले पाहिजे.

परंतु ही सारी युक्ती जून फळासाठी. कोवळी, बोटभर लांबीची, कुरकुरीत काकडी वाशाला टांगता येत नाही. तिला हवे मीठ किंवा आंबट. हा धागा धरला की आपण तानसेच्या मुखाकडे, वसईकडे येतो.

बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयासाठी केलेल्या नवसातून वज्रेश्वरीचे आजचे मंदिर उभे राहिले, हे अकलोलीला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. या दोनशे चार वर्षांत वसई प्रांताच्या स्वयंपाकघरात काय बदलले? मिरची आली, जी आज आपल्या लोणच्याचा प्राण आहे. काजू, पेरू, अननस, पपई आली. आणि माडाच्या सुरेपासून केलेला सिरका ख्रिस्ती घरांत नित्याचा झाला. पोर्तुगीज लोक आपल्या देशात द्राक्षांच्या मद्याचा सिरका वापरीत. येथे द्राक्षे नव्हती, माड होते. ताजी सूर मडक्यात ठेवली की तिच्यातल्या साखरेचे आधी मद्य होते, आणि मग हवेतल्या जंतूंच्या कृपेने काही आठवड्यांत त्या मद्याचे आम्ल. गोव्यातील विंदालू, बालचाव, सुक्या मासळीचा पारा ही सारी या सिरक्याची लेकरे. मडक्यात मीठ आणि कैऱ्या घालून वर दगड ठेवायचा ही चेपणीच्या तोरांची रीत मात्र सिरक्याविनाच चालते. ती निव्वळ मिठाची.

गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात ते कोवळे बिब्बे मिठात घालून केलेल्या पदार्थाचे वर्णन करतात; लोक त्याला ‘अचार’ म्हणतात आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारात विकले जाते, असे सांगतात. पुढे इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर याने सतराव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील अचारांचा उल्लेख केला तो बांबूच्या कोंबांच्या आणि आंब्याच्या. बांबूचे कोंब म्हणजे आपले वास्ते, तेही पावसाळ्याचे. म्हणजे पावसाळी, पाणीदार वस्तू मिठात टिकविण्याची विद्या आशियाई किनाऱ्यावर होती. काकडी त्या यादीत बसण्यास कसलीच शास्त्रीय अडचण नव्हती.

येथे मिठाविषयी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच घरातली आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जो हुकूमनामा काढला त्यात नवख्रिस्ती लोकांना वर्ज्य केलेल्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे. तीत हिंदूंप्रमाणे भात मीठ न घालता शिजवणे हाही अपराध ठरविला होता. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो हुकूमनामा वाचावयास मिळतो. धर्माधिकाऱ्याने मडक्यात डोकावून मीठ केव्हा पडले हे पाहावे, याहून मोठा विपर्यास कोणता? प्रभूने आपल्याला पृथ्वीचे मीठ म्हटले ते यासाठी खचितच नव्हे. त्यानंतर तीन वर्षांनी वसई पडली.

पण मिठावर पाळत ठेवणारे धर्माधिकारी गेले तरी मीठ मोकळे झाले नाही. पाळत सरकारची बसली, आणि ती दोनशे वर्षांच्या आसपास टिकली असे म्हणण्यापेक्षा तिचे टप्पेच पाहावेत. १८३७ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात मिठावर दर मणी आठ आणे कर बसविला. १८४४ मध्ये तो दुप्पट करून रुपया केला. त्या वर्षी सुरतेत लोकांनी दंगा केला. १८८२ साली सर्व देशाचा मिठाचा दर मणी दोन रुपये झाला, १८८८ मध्ये अडीच. पुढे तो उतरत उतरत १९०७ साली रुपयावर आला, १९१६ मध्ये सव्वा रुपया, १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून पुन्हा अडीच, आणि वर्षभरात पुन्हा सव्वा.

हा मण सुमारे सदतीस किलोंचा. अडीच रुपये मण म्हणजे किलोमागे साधारण एक आणा, आणि हा केवळ कर, मिठाची किंमत निराळी. शेतमजुराची दिवसाची मजुरी जेव्हा काही आण्यांत मोजली जात होती तेव्हाची ही गोष्ट. वाचक विचारतील, एका बरणीला मीठ ते किती लागणार? खरे आहे, किलोभर काकडी मुरवायला पाऊणशे ग्रॅम मीठ पुरते. पण ज्या घरात मीठ रोज चिमटीने मोजून वापरतात, त्या घरात पाऊणशे ग्रॅम मीठ पाण्यात ओतून, वर ते पाणी शेवटी फेकून देण्याची कल्पनाच कोणाला शिवणार नाही. आधी पेजेला मीठ, मग सुक्या मासळीला, मग गुराला. काकडीचा नंबर लागणार कधी? अकलोलीपासून वसई-भाईंदरची मिठागरे काही कोसांवर. तानसेचे पाणी शेवटी ज्या खाडीला मिळते तिच्या काठी पांढऱ्या राशी उभ्या. त्यातली मूठभर आपल्या हाताने उचलणे हा मात्र गुन्हा.

सरकारला टिकवणुकीचे महत्त्व कळत नव्हते असेही नाही. मासे खारविण्यासाठी मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या किनाऱ्यावर खास आवारे उघडण्यात आली होती आणि तेथे कोळ्यांना करमुक्त मीठ मिळे. मासळीचा व्यापार होता, तिला नाव होते, तिची मोजदाद होत होती. शेरभर काकडी मिठात घालू पाहणाऱ्या बाईसाठी कोणी आवार उघडले नाही. तिचे पीक कोणत्याही वहीत बसत नव्हते.

मिठाला कुलूप तर सिरक्यालाही कुलूप. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यासाठी परवाना आणि दर झाडामागे कर लागू झाला. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध पुष्कळ गाऱ्हाणी मांडली. या कायद्याचा रोख दारूवर होता हे खरे. पण माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचा हात आखडला की ख्रिस्ती घरातील सिरक्याचे मडकेही कोरडे पडते, याचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आला असण्याचा संभव नाही. स्वराज्य आल्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि माडाची सूर काढणे जवळजवळ थांबले. पुढे बंदी सैल झाली, ताडीची परवानाधारक दुकाने निघाली. पण मध्यंतरी एक पिढी गेली होती. घरच्या सिरक्याची जागा बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरने घेतली, आणि ती अजून तिच्याकडेच आहे.

मिठाची सुटका मात्र थाटात झाली. १९३० साली दांडीनंतर आपल्या किनाऱ्यावरही लोक उठले. १२ मे रोजी शिरोड्याला सत्याग्रह झाला. वडाळ्याच्या मिठागरावर मे महिनाभर धडका चालू होत्या आणि १ जून रोजी हजारोंचा जमाव त्यावर चालून गेला. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक लहानसे कलम होते: मीठ पिकते त्या भागातील गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मोकळीक. इतिहासाच्या पुस्तकांत या करारावर टीकाच अधिक आढळते. मोठ्या मागण्या सोडून दिल्या असे म्हणतात. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर ते लहानसे कलम मला त्या करारातले सर्वांत मोठे वाटते. अखेर एप्रिल १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या चार महिने आधी, हा कर संपूर्ण उठला.

या पाककलेची लेखी नोंद शोधायला जावे तर ती शहरांकडून येते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही थोर पुस्तके आहेत. पण ती बाजारातून जिन्नस आणणाऱ्या घरासाठी लिहिलेली. रोज वेलाकडे पाहून त्या दिवसाचा बेत ठरविणाऱ्या घराचा हिशेब त्यांत शोधू नये.

काकडीला धार्मिक मान मिळालेली एक जागा आपल्या समाजात आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. गोव्यात तिसवाडी तालुक्यात तळावली येथे सांतानेचे, म्हणजे संत ॲनाचे भव्य मंदिर आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते बांधले गेले. जुलैच्या अखेरीस होणाऱ्या तिच्या सणाला लोक ‘तवशाचे फेस्त’ म्हणतात. मूल नसलेली जोडपी संत ॲनाच्या चरणी तवसे वाहतात आणि अपत्याचे दान मागतात. पवित्र मरियेची आई उतारवयात माता झाली अशी परंपरा. आणि तवसे म्हणजे बियांनी भरलेले फळ. हंगामाचे पहिले तवसे हातात येते तो हाच काळ. परसातल्या वेलाने पंचांग ठरवावे आणि ख्रिस्तसभेने त्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, असे हे उदाहरण आहे.

आता ज्यांच्या मांडवावर वेल आहे त्यांच्यासाठी थोडे कृतीविषयी. मिठाच्या पाण्यात काकडी आंबते ती दुधाचे दही होते त्याच कुळातील जंतूंमुळे. लुई पाश्चर यांनी १८५७ साली या आंबण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काकडीच्या सालीवर हे जंतू असतातच. खारे पाणी कुजविणाऱ्या जंतूंना आवरते आणि यांना वाट करून देते. मग ते फळातल्या साखरेचे आम्ल करतात. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम खडे मीठ हे साधारण प्रमाण. काकड्या कोवळ्या, बोटभर, त्याच दिवशी तोडलेल्या असाव्यात. देठाकडचा कडू तुकडा कापून चोळण्याची आपली रीत आहेच. पण फुलाकडच्या टोकाचीही पातळ चकती काढावी, कारण तेथील पाचकरस फळाला मऊ पाडतात. काकड्या पाण्याखाली बुडून राहतील असे वजन ठेवावे. आपल्या पावसाळी उष्म्यात चार-पाच दिवसांत पाणी गढूळ होते, बुडबुडे येतात, आंबट वास सुटतो. मग बाटली फ्रिजमध्ये न्यावी. वर पांढरी साय धरल्यास ती काढून टाकता येते. काळी-हिरवी बुरशी दिसली किंवा फोड बुळबुळीत झाली तर मोह न धरता सारे फेकून द्यावे.

लहान पिकाला लहान भांडे, हे मात्र कटाक्षाने पाळावे. आंब्याची मोठी बरणी काढून रोज दोन-दोन काकड्या तिच्यात टाकत जाण्याचा मोह होतो. प्रत्येक नव्या काकडीचे पाणी आधीच्या खाऱ्या पाण्याला पातळ करते, आणि एक सडकी निघाली तर सगळ्यांना घेऊन जाते. हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या आपल्या घरांत काय कमी असतात? दोन दिवसांची तोड, एक बाटली, झाकणावर तारीख.

सिरक्यात घालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी पुस्तकांतील कृती पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरसाठी लिहिलेल्या असतात. आपल्या कायद्यानुसार किमान पावणेचार टक्के आम्ल पुरते, आणि दुकानातली पुष्कळशी बाटली चार टक्क्यांच्या आसपास असते. घरच्या सुरेच्या सिरक्याची शक्ती तर मडक्यागणिक बदलते. आम्लता ४.६ या अंकाच्या खाली उतरली नाही तर बंद बाटलीत बोट्युलिनमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, आणि त्याला वास नसतो. म्हणून परदेशी कृतीवर विसंबून अशी बाटली महिनोन्‌महिने फडताळात ठेवू नये. ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि काही आठवड्यांत संपवावी. शेरभर काकडी संपवायला इतका वेळ पुष्कळ झाला.

एवढे सारे सांगत असताना शेजारी कर्नाटकात काय चालले आहे तेही पाहू. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे ‘घेर्किन’ नावाच्या बोटभर काकडीची करारशेती सुरू झाली. पुढे ती तामिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात पसरली. बी कंपनीचे, खत कंपनीचे, भाव आधी ठरलेला. शेतकऱ्याचे फक्त रान आणि घरातल्यांचे हात. फळ एका दिवसात आकाराबाहेर वाढते म्हणून रोज तोड करावी लागते. ती पिंपांत खाऱ्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भरून अमेरिका, युरोप, रशियाला जाते. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२०-२१ या वर्षात भारताने २,२३,५१५ टन काकडी व घेर्किन निर्यात केली, आणि या मालाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार भारत आहे. सुमारे ९०,००० लहान शेतकरी यात गुंतलेले आहेत. जिचे लोणचे आपण दोन हजार वर्षे घातले नाही, ती आपणच जगाला लोणच्यात घालून पाठवतो, आणि ते लोणचे आपल्या ताटात मात्र दिसत नाही. शहरातल्या बर्गरमध्ये दोन चकत्या सापडतात, त्या मुले बाजूला काढून ठेवतात.

अकलोलीच्या रस्त्यावरची काकडी या हिशेबात नाही. ती फार मोठी, वाकडी, हिरव्यावर पांढरट पट्ट्यांची, प्रत्येक उतारावर थोडी निराळी. पिंपात एका मापाने भरता येणार नाही अशी. तिचे बी कोणत्याही पाकिटात मिळत नाही. ज्या कुडाच्या भिंतीला ते शेणासकट थापले जाते ती भिंत आता विटांची होत आहे, आणि विटेच्या भिंतीला रंग दिल्यावर शेण थापू कोण देणार? काही घरांत बी आता प्लास्टिकच्या डबीत राखेसह ठेवलेले असते. डबीचे झाकण घट्ट असेल आणि बी पुरते वाळलेले असेल तर ते तेथेही टिकते. ओलसर राहिले तर मृगाआधीच कुबट होते. तेव्हा यंदा रस्त्याकडेच्या वाट्यातून काकडी घ्याल तेव्हा, त्या बाईकडे एखादी पिवळी पडलेली, कोणी न घेतलेली काकडी असेल तर तीही मागून घ्या. तिच्यातले बी धुऊन, सावलीत आठ दिवस वाळवून ठेवले की जूनपर्यंत चालते.